पाणी पाजलेलं जनावर

एउसेबियो त्रेव्हिन्योला त्याच्या पूर्ण नावाने ओळखणारी एकच वस्तू रेमंडव्हिलमध्ये उरली होती, ती म्हणजे डायलिसिस सेंटरमधला संगणक. बाकी सगळ्या गावाला तो चेबो. गुरांच्या बाजारात त्याने उभा जन्म काट्यावर काढला. लिलावाच्या रिंगणात शिरण्याआधी प्रत्येक जनावर त्याच्या समोरच्या लोखंडी काट्यावर चढायचं, आणि तो जो आकडा ओरडेल त्यावर रँचवाले हसायचे नाहीतर शिव्या घालायचे. घालणारेच जास्त. चेबोला त्याचं काही वाटत नसे. "काट्याला ना नातं ना गोतं," असं तो म्हणायचा आणि पुढचं जनावर घ्यायचा.

मूत्रपिंडं गेली तेव्हा बाजार सुटला, पण काटा काही सुटला नाही. सेंटरच्या दारातच एक सपाट काटा होता. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी चेबो त्यावर चढायचा तो नवरदेव बोहल्यावर चढावा तशा ऐटीत. आधी हॅट काढायची, मग खिशातल्या किल्ल्या, मग पट्ट्याचं ते भलंमोठं चांदीचं बक्कल. नर्स डोरा आकडा वाचायच्या आत तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा. यंत्राने अंगात साठलेलं पाणी ओढून घेतलं की माणसाचं जे वजन उरायला हवं, त्याला तिथे 'कोरडं वजन' म्हणतात. चेबोचं कोरडं वजन दोन वर्षांत तसूभर हललं नव्हतं. बाकीचे वाळत चालले होते, कुणाची विजार सुटत होती, कुणाची अंगठी गळत होती, आणि हा आपला जिथल्या तिथे. त्याचा त्याला केवढा अभिमान!

त्याच्या शेजारच्या खुर्चीत मेर्सेद कान्तू असायचा. हा गुरांचा व्यापारी, आणि चेबोचा जुना वैरी. खूप वर्षांपूर्वी मेर्सेदने बैलांचा एक कळप काट्यावर आणला होता. आदल्या दिवशी त्यांना मीठ चाटवायचं आणि काट्यावर चढवण्याआधी पोट फुटेस्तोवर पाणी पाजायचं, ही वजन फुगवायची युक्ती त्या खोऱ्यात कुणाला नवी नव्हती. चेबोने आकड्याकडे पाहिलंच नाही. काट्यामागून बाहेर येऊन त्याने बैलांच्या पाठीवर, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना पंजा फिरवला, आणि सगळ्या बाजारासमोर म्हणाला, "संध्याकाळपर्यंत उन्हात उभे करा, मग तोलू." मेर्सेद त्यानंतर कित्येक वर्षं त्याच्याशी बोलला नाही. शेवटी दोघांचीही मूत्रपिंडं बसली, आणि नशिबाने दोघांना शेजारी शेजारी आणून बांधलं. हातात सुया खुपसलेल्या, तीन-चार तास हलायची सोय नाही, मग भांडणार तरी किती? हळूहळू थट्टा सुरू झाली आणि थट्टेतून दोस्ती झाली.

"काटेवाले, आज किती?"

"तेवढाच."

"म्हणजे माझ्यासारखाच. आपण दोघं बैल आहोत बैल. बाकी सगळ्या शेळ्या."

मेर्सेद ऐटबाज गडी होता. शहामृगाच्या कातड्याचे उंच बूट घालून यायचा आणि खुर्चीत आडवा झाला तरी ते काढायचा नाही. महिन्यातून एकदा डोरा सगळ्यांचे पाय तपासायची. साखरवाल्यांच्या, म्हणजे मधुमेह असलेल्यांच्या, पायांना जखम झालेली कळत नाही म्हणून हा शिरस्ता, आणि मेर्सेदलाही साखर होती. मेर्सेदची पाळी आली की तो म्हणायचा, "कालच मुलाने बघितले, पोरी. बूट घालूनच मरायचं असं मी आईला वचन दिलंय." डोरा हसायची आणि पुढे जायची.

आता चेबोचं खरं दुखणं सांगायचं तर ते खुर्चीत होतं. घरच्या खुर्चीत. बसलेला माणूस उठताना आपण कसा उठतो हे कधी पाहत नाही, पण चेबोला ते पाहायची वेळ आली. आधी एक हात टेकावा लागला, मग दोन्ही. पिकअपमधून उतरताना दाराला लोंबकळावं लागायला लागलं. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी तो न्हाणीघरात बसला तो बसलाच. मांड्यांना हुकूम दिला, मांड्यांनी ऐकला नाही. शेजारीण अंडी द्यायला आली तेव्हा तिला आतून हाका ऐकू आल्या.

शेजारणीने त्याची मुलगी नेल्डाला सॅन अँटोनियोला फोन केला. नेल्डा चार तास गाडी हाणत आली, सगळं घर पाहिलं, आणि बापासमोर उभी राहिली.

"पपा, बस झालं. माझ्याकडे चला."

"मला काय धाड भरलीय? वजन बघ माझं. काटा हललाय का?"

"काट्याचं मला नका सांगू. ईस्टरच्या सुट्टीत येईन. हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा. उठलात तर राहा इथे, मी शब्द काढणार नाही. नाही उठलात तर गाडीत बसायचं. कबूल?"

चेबो कबूल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? हाच नियम त्याने स्वतः जन्मभर लावला होता. जनावर रिंगणात स्वतःच्या पायाने आलं पाहिजे. जे बसलं आणि उठलं नाही ते लिलावाला चढत नाही, त्याच्यासाठी मागच्या फाटकाशी वेगळा ट्रक यायचा. त्या ट्रकचा आवाज चेबोला आता घरबसल्या ऐकू यायला लागला. सॅन अँटोनियोचं घर चांगलं होतं, नातवंडं गोड होती, पण तिथे मेस्कीटची झाडं नव्हती, अंगणात बसून समुद्राचं वारं खायची सोय नव्हती, आणि त्याला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. त्याला जायचं नव्हतं. अगदी मनापासून जायचं नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी प्रतीक्षाखोलीत डोराने चेबोचं नाव पुकारलं आणि तो बाकावरून उठेना. मेर्सेदने बगलेत हात घालून त्याला उचललं. उचलता उचलता त्याचा पंजा चेबोच्या पाठीवरून खाली घसरला आणि थांबला. गुरांच्या व्यापाऱ्याचा हात तो, मांस कुठे असायला हवं आणि कुठे नाही हे त्याला विचारावं लागत नाही. मग त्याने वाकून चेबोच्या मांडीवर चिमटा घेतला, विजार वर करून घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच.

मेर्सेद आधी गंभीर झाला, मग त्याला हसू आवरेना.

"अरे काटेवाले! तुला पाणी कुणी पाजलं?"

"काय बरळतोस?"

"पाठीवर हाड लागतंय नुसतं. मांडीचं चिपाड झालंय. आणि काटा म्हणे हलत नाही! मांस गेलं तेवढं पाणी भरलंय तुझ्यात. मीठ चाटवून आणलेला बैल आहेस तू. चला, उन्हात उभा राहा संध्याकाळपर्यंत!"

सगळी खोली हसली. चेबो हसला नाही. त्याने हळूच स्वतःचा हात मागे नेऊन माकडहाडाच्या बाजूला चाचपलं. हजारो पाठी चाचपल्या होत्या त्याने, आपली कधी नाही. बोटांना नुसतं हाड लागलं, आणि तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

आहार पाहणारी झुलेमा नावाची मुलगी होती. तिला हे अगदीच नवीन नव्हतं. तीन महिने ती चेबोच्या रक्तातल्या प्रथिनांचे आकडे उतरताना पाहत होती आणि दर वेळी विचारलं की चेबो काट्याकडे बोट दाखवत होता. आता ती टेप आणि हाताने दाबायचं एक मापाचं यंत्र घेऊन आली. चेबोने ते सगळा जोर लावून दाबलं. काटा जेमतेम हलला.

"डॉन चेबो, मेर्सेद तात्या बोलले ते खरं आहे," ती म्हणाली. "तुमचं कोरडं वजन आता तेवढं नाही. डॉक्टर ते थोडं थोडं कमी करतील. पाणी जास्त काढतील, पायात गोळे येतील, सोसा जरा."

पायात गोळे आले. चेबोने खुर्चीचा हात आवळून ते सोसले. पण रात्री आडवं झाल्यावर दम लागायचा तो थांबला, घोट्यांची हाडं पुन्हा दिसायला लागली, आणि काटा उतरत उतरत एका आकड्यावर येऊन थांबला. तो आकडा चेबोने ओरडून सांगितला नाही. एवढाच काय तो चेबो उरला होता.

"पण मांस गेलं कुठे?" त्याने झुलेमाला विचारलं. एकदा पाणी उतरल्यावर त्याला या गोष्टीचा चाळाच लागला. "मी आजारी नाही, ताप नाही. दोन वेळा जेवतो."

"रक्तात दाह दिसतोय. बार्बाकोआचं मांस शिजवायचा खड्डा बघितलाय ना तुम्ही? वरून माती गार आणि खाली निखारे. तसं काहीतरी अंगात धुमसतंय. शरीराला वाटतं शत्रू आलाय, म्हणून ते लढायला बसतं, आणि लढणाऱ्यांना खाऊ घालतं तुमच्याच मांड्या."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय म्हण की."

"तसंच. मूत्रपिंडं गेलेल्यांच्या अंगात थोडी धग असतेच. पण तुमची वाढतेय. कुणीतरी लाकडं घालतंय. ते कुठे, तेच सापडत नाही."

शोध सुरू झाला. हातातली सुया टोचायची जागा पाहिली, स्वच्छ. छातीचा फोटो काढला, स्वच्छ. पाय पाहिले, लघवीची पिशवी पाहिली. डॉक्टरांनी डोकं खाजवलं. चेबोला मात्र मजा वाटायला लागली होती, आणि हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. जन्मभर त्याने जनावरं फक्त तोलली होती. हे जनावर आतून काय करतंय ते त्याला पहिल्यांदाच बघायचं होतं. तो यंत्राला बांधलेला पडून राहायचा आणि छताकडे पाहत विचार करायचा की खात्यापित्या घरचं जनावर का वाळतं.

आणि एका गुरुवारी, घरी, ओट्मीलच्या वाटीत चमचा घालताना त्याला ते सुचलं. ओट्मील! तो ओट्मील का खात होता? कॅल्डोच्या रश्श्यात बुडवून मऊ केलेली टॉर्टिया, कुस्करलेला बटाटा, भात. मांस त्याने केव्हाच सोडलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचा, डॉक्टरांनी बंद केलंय. ते खरं होतं, पण यंत्रावर जायच्या आधीचं. यंत्रावर गेल्यापासून झुलेमा दर महिन्याला उलट सांगत होती, की अंडी खा, कोंबडी खा, जातंय ते भरून काढा. तो मान डोलवायचा आणि घरी येऊन भात खायचा. कारण मांस चावायचं तर दुखत होतं.

चेबो चमचा ठेवून खिडकीपाशी गेला. दाढी करायचा आरसा घेतला, आणि बाजारात बैलाचं वय पाहताना ओठांच्या कोपऱ्यात अंगठा घालून जबडा उघडतात, तसा त्याने स्वतःचा जबडा उघडला. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत म्हणतात, पण विकायला आलेल्या गाईचे सगळेच पाहतात. हा मात्र कोणी विकायला काढला नव्हता, म्हणून कुणीच पाहिला नव्हता. मागच्या हिरड्या लालभडक, सुजलेल्या. दोन दाढा बोटाने हलत होत्या. हिरडी दाबली तर पू आला, आणि वास असा की त्याने तोंड फिरवलं. फिरवून जाणार कुठे?

खरं सांगायचं तर त्याला हे अर्धंमुर्धं ठाऊक होतं. वर्षभर तो उजव्या बाजूने चावत नव्हता, हसताना ओठ मिटून हसत होता. दात पडलेलं जनावर चरू शकत नाही आणि लिलावात त्याला कवडीची किंमत येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? 'तोंड गेलंय' एवढं त्याने म्हटलं की त्या गाईची रवानगी ठरलेली. तेच शब्द स्वतःबद्दल कसे काढायचे? त्याने आरसा पालथा ठेवला. दात सांगितले तर दात जाणार. नाही सांगितले तर पाय जाणार, आणि पायांमागोमाग हे घर. शुक्रवारी सेंटरमध्ये गेल्या गेल्या, काट्यावर चढायच्याही आधी, त्याने झुलेमाला बाजूला घेतलं आणि आ वासला.

झुलेमाने आत पाहिलं. मग ती म्हणाली, "डॉन चेबो, मी एवढे महिने तुम्हाला चिकन खा म्हणून सांगतेय, आणि चावता कशाने हे एकदाही विचारलं नाही. माझंच चुकलं."

"मी तरी कुठे सांगितलं? लोकांच्या बैलांचे दात बघण्यात गेली हयात."

तिकडचे लोक दातांसाठी सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडच्या देशात, प्रोग्रेसोला जातात, तिथे स्वस्त पडतं, तसा चेबोही गेला. यंत्रावर असताना रक्त पातळ करायचं औषध देतात, म्हणून सुट्टीचा दिवस धरून, डॉक्टरांच्या गोळ्या आधी घेऊन. मेर्सेद गाडी चालवायला बरोबर आला आणि दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभा राहून सूचना करत बसला. वैद्याने जायचे ते दात काढले, बाकीच्यांच्या मुळाशी साठलेलं किटण खरवडलं. परतताना चेबोच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे पुलावर मेर्सेदला एकट्यालाच बोलायला मिळालं.

"आता तू हसलास की खिडकी उघडल्यासारखी दिसणार. पण उन्हाळ्यात बरं!"

दातांमुळेच सगळं झालं असं छातीठोकपणे कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, बघू. पण पुढच्या तपासणीत दाहाचा आकडा उतरला, आणि त्याच्या पुढच्याही. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं, तसं ते निघालं. चेबोला भूक लागायला लागली. तो अंडी खायचा, मऊ शिजवलेली कोंबडी खायचा, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायचा आणि उठायचा. पहिले काही दिवस टेबलाला धरून. मग टेबलाला फक्त बोटं लावून. मग टेबलाकडे न बघता, पण एकदाच. दुसऱ्यांदा पाय थरथरायचे आणि तो धप्पकन खाली बसायचा. तेव्हा तो मांड्यांना अशा शिव्या द्यायचा की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. ईस्टर जवळ येत होता.

या सगळ्या गडबडीत मेर्सेद गप्प होत चालला आहे हे चेबोच्या उशिरा लक्षात आलं. आधी त्याची थट्टा आखूड झाली. मग तो यंत्रावर असताना झोपायला लागला. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी चेबोने त्याच्यासाठी डब्यात अंडं आणि सुकवलेल्या मांसाची भुर्जी आणली होती, ती त्याने डबा न उघडता बाजूला ठेवली.

"जेवत नाहीस का?"

"भूक नाही. तू नको सुरू होऊस झुलेमासारखा. माझं वजन बघ. काटा हललाय का?"

चेबोने ते ऐकलं आणि आपलंच बोलणं कानावर आल्यासारखं त्याला झालं. पण त्या वेळी दोघांच्याही हातात सुया होत्या.

चेबोचं यंत्र आधी संपलं. त्याने हात दाबून रक्त थांबवलं, पट्टी बांधून घेतली. नेल्डा दारात उभी होती, ठरल्याप्रमाणे आली होती. ती आत यायच्या ऐवजी तिथेच थांबली, बाप आता खुर्चीतून कसा उठतो ते पाहायला. चेबोने तिला पाहिलं. पण तो उठला तो घाईत, खुर्चीच्या हाताला टेकून, आणि सरळ मेर्सेदकडे गेला. नेल्डाने मान खाली घातली.

मेर्सेदचे डोळे मिटलेले होते. चेबोने त्याच्या मांडीवर पंजा ठेवला आणि दाबला. विजारीच्या आत काही नव्हतं.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," चेबो म्हणाला. "तोंड उघड."

"माझी कवळी आहे रे, वीस वर्षं झाली," मेर्सेद डोळे न उघडता पुटपुटला. "तिथे काय जळणार?"

चेबोने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हॅट, शर्ट, बक्कल, विजार. मग तो खाली पाहतच राहिला. डोराचं चाकांचं बुटकं स्टूल जवळ होतं, ते त्याने पायाने ओढलं आणि खाली बसला.

"बूट काढ."

"गप रे."

"मेर्सेद, बूट काढ म्हणतोय."

"बूट घालूनच..."

"आईला वचन दिलंयस, माहीत आहे. तुझी आई तुला ओळखून होती, खोटं बोलतोस तेही ओळखून असेल." चेबोने दोन्ही हातांनी टाच पकडली आणि ओढली. जुना बूट, सुजलेला पाय. तो सहज निघेना. चेबोने ओठ मिटून सगळा जोर लावला, आणि बूट निघाला तसा त्याच्या आतून तो वास आला. चेबोला तो ओळखीचा होता. मोज्याचा पुढचा भाग काळपट ओला होता आणि पायाला चिकटला होता.

"दुखत नव्हतं रे," मेर्सेद म्हणाला. त्याचे डोळे आता उघडे होते. "खरंच, काहीच दुखत नव्हतं."

"माहीत आहे."

एका हातात बूट, दुसऱ्या हातात मेर्सेदची टाच. ती त्याने हळूच उशीवर ठेवली. डोरा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती, तिची पाठ इकडे होती, आणि यंत्रांच्या पीं-पींमध्ये हाक पोचणार नव्हती. चेबोने बूट दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि त्या बुटक्या, सरकत्या स्टुलावरून उठला. टेकायला काही नव्हतं आणि टेकायचं आहे हे त्याला आठवलंही नाही. उठला आणि चालत डोराकडे गेला.

धावपळ झाली. डॉक्टरांना फोन झाला, मेर्सेदला न्यायला गाडी बोलावली. पाय वाचेल का, ते हार्लिंजनच्या इस्पितळात ठरणार होतं. स्ट्रेचरवरून जाताना मेर्सेदने चेबोचा हात घट्ट धरला, आणि सुटला तेव्हा एवढंच म्हणाला, "तो बूट फेकू नकोस हं. महागाचा आहे."

चेबो बूट घेऊन दारात आला. नेल्डा तिथेच होती, सगळं पाहत. तिचे डोळे भरले होते.

"अगं, ती तुझी परीक्षा राहिली," चेबो एकदम आठवून म्हणाला. "थांब, खुर्ची कुठेय? बसतो आणि उठून दाखवतो."

नेल्डाने त्याच्या हातातला बूट घेतला.

"चला पपा," ती म्हणाली. "तुम्हाला तुमच्या घरी सोडते."